कोजागिरीच्या रांगेतली नर्सबाई

माणसानं किती खोटं बोलावं याला काही धरबंध असतो, असं मी आपली समजत होते. मग आमच्या शेजारी वच्छलाबाई राहायला आल्या.

त्या सरकारी नर्स. सत्तरच्या दशकातली अखेरची वर्षं होती. आमचं गाव लाखनीच्या हमरस्त्यापासून बरंच आत, बैलगाडीच्या वाटेवर. नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांची माणसं अजून तिथे धान पिकवतात. माझे यजमान तिथल्या शाळेत गुरुजी होते. आमच्या भाड्याच्या घराची आणि नर्सबाईंच्या खोलीची भिंत एकच होती, त्यामुळे त्यांच्याकडे कोण आलं, काय बोललं, हे मला बसल्या जागी कळायचं. आणि मी काही कान झाकून घेणाऱ्यांतली नव्हते.

पहिल्या महिन्यातच मी तोंडात बोट घातलं. पलीकडच्या गल्लीतली एक सासू आपल्या गरोदर सुनेला रक्तवाढीच्या गोळ्या घेऊ देत नव्हती. गोळ्यांनी पोर काळं निपजतं, असं तिचं म्हणणं. वच्छलाबाईंनी तिला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "बुडे, या गोळीनं पोट्टाच होते. नवी निंघाली आहे. कोनाले सांगू नको, नाही तं मले पुरनार नाहीत." सासू गोळ्या पदराला बांधून गेली आणि रोज सुनेसमोर उभी राहून गिळायला लावू लागली. यथावकाश सुनेला मुलगी झाली. सासू तणतणत आली तेव्हा मी मुद्दाम दारात येऊन उभी राहिले. म्हटलं, आता बाई काय करतात ते पाहू. बाईंनी उलट तिलाच विचारलं, "एखाद्या दिवशी बुडवली असन ना मधात?" सासू विचारात पडली. आठवून आठवून म्हणाली, "पोळ्याले राहिली होती वो." "मंग आता मले काहून बोलतेस?" म्हणत बाईंनी तिच्यापुढे चहा ठेवला. सासू चहा पिऊन खाली मान घालून गेली.

"अहो, इतकं धडधडीत खोटं?" मी नंतर विचारलं.

"मास्तरीनबाई, सांगून कोन आयकते? करून टाकाचं न् मोकळं व्हाचं."

हे त्यांचं पालुपद होतं. बुटक्या, ठेंगण्या बांध्याच्या, काळ्यासावळ्या, पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात रबरी चप्पल. सुया उकळायचा स्टोव्ह ओट्यावरच पेटायचा आणि सुया झाल्या की त्याच स्टोव्हवर चहा चढायचा, बिनदुधाचा. माहेर तुमसरच्या पलीकडचं बपेरा, मध्यप्रदेशाच्या हद्दीला लागलेलं, त्यामुळे बोलण्यात निम्मी हिंदी. कशाचाही विषय निघाला की त्यांच्या बपेऱ्याला ते मोठं आणि चांगलं असायचंच. वांगी, विंचू, भुतं, काहीही. नवऱ्याबद्दल विचारलं तर मला म्हणाल्या, जंगलखात्यात आहे. समोरच्या पार्वताला म्हणाल्या, वारला. शाळेतल्या शिपायाला म्हणाल्या, पळून गेला, सापडला तर सांग. खरं काय ते मला आजतागायत कळलेलं नाही. मला त्यांचा रागही यायचा आणि त्यांच्याशिवाय करमायचंही नाही.

पार्वताचं नाव आलंच आहे, तर तिच्या सुमनबद्दल सांगते. खरं तर सगळं तिच्याचबद्दल आहे.

पार्वता आणि डोमाजीचं घर आमच्या अगदी समोर. तळ्याखाली त्यांची धानाची बांधी होती. घरात डोमाजीची म्हातारी आई आणि एकुलती एक सुमन. सुमन सात वर्षांची, दुसरीत, माझ्या यजमानांच्या वर्गात. हाडं मोजून घ्यावीत अशी अंगकाठी आणि तोंड मात्र पोपटाचं. तिला दमा होता. चांगल्या दिवसांत ती गल्लीभर हुंदडायची आणि वाईट दिवसांत तिच्या छातीतली शिट्टी आमच्या ओट्यापर्यंत ऐकू यायची. सर्वांत वाईट दिवस म्हणजे धानाच्या मळणीचे. तिकडे मळणीला चुरणा म्हणतात. बैल फिरतात, तणीस म्हणजे धानाचा पेंढा उसकटतात, धान वाऱ्यावर धरतात आणि त्या दिवसांत गावभर हवेत बारीक कोंडा तरंगत असतो. आम्हालाही शिंका यायच्या. सुमनचा जीव घुसमटायचा.

वच्छलाबाई आल्या त्या पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी समोरून आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी धावले. पोरीला थंडी बाधली असं समजून घरच्यांनी खोलीच्या खिडकीत पोती कोंबलेली, दार लावलेलं. सुमनला तणसीच्या गादीवर उताणी निजवून वर दोन वाकळा घातलेल्या. आणि खाटेखाली मातीची शेगडी, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांनी फुललेली. छाती मोकळी व्हावी म्हणून म्हातारी त्यावर मुठीमुठीनं ओवा आणि कोंडा टाकत होती. खोलीत हाताला हात दिसत नव्हता. माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं. वाईट चिंतणारं तिथे कोणीच नव्हतं. सगळे जीव ओवाळून टाकत होते त्या पोरीवर, आणि त्याच मायेनं तिला धुरावत होते.

वच्छलाबाई आत शिरल्या, खाली वाकल्या, पदर हाताला गुंडाळला आणि ती जळती शेगडी उचलून सरळ अंगणात फेकली. निखारे उधळले, कोंबड्या सैरावैरा पळाल्या. म्हातारी कपाळ बडवत बाहेर आली. "घरातली आग बाहेर फेकली वो या नर्सीननं. माह्या घराचं वाटोळं केलं." मी हबकून गेले. दुसऱ्याच्या घरात जाऊन कोणी असं करतं?

बाईंनी म्हातारीकडे पाहिलंसुद्धा नाही. पोती काढली, सुमनला उठवून बसवलं, मांडीवर वाकळेची घडी दिली, त्यावर कोपरं टेकवून तिला पुढे झुकवलं आणि सगळ्यांना बाहेर हाकललं. मी उंबऱ्याशी थांबून पाहत राहिले. मग तिच्या समोर उकिडव्या बसल्या. "सुमे, माह्याकडे पाह्य. दिवा इझवाचा आहे असं कर. हळू. घाई नाही आपल्याले." डॉक्टरांनी त्यांना जेवढी मुभा दिली होती तेवढं इंजेक्शन दिलं आणि गाडी जुंपायला लावली. रस्त्यापर्यंत गाडी, पुढे एका भल्या ड्रायव्हरच्या ट्रकात. साऱ्या वाटेत त्यांनी पोरीला आडवं होऊ दिलं नाही.

त्या रस्त्यावरच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा एक तरुण डॉक्टर होते. माणूस चांगला होता, समजावून सांगणारा. त्यांनी सुमनला गोळ्या बांधून दिल्या. दोन श्वास मोकळा करणाऱ्या, आणि एक छोटी पांढरी, स्टेरॉइडची, रोज सकाळी काही खाल्ल्यावर घ्यायची. पार्वताला आणि डोमाजीला समोर बसवून ते म्हणाले, "ही छोटी गोळी एकदम बंद करायची नाही. शरीराला तिची सवय होते. बंद करायची वेळ आली की मी हळूहळू उतरवीन. मनानं सोडली तर जिवावर बेतेल." दोघांनी माना डोलावल्या. आपल्याकडे डॉक्टरांपुढे सगळेच डोलावतात.

घरी आल्यावर वच्छलाबाईंनी तणसीची गादी बाहेर काढून जाळायला लावली, शेगडी स्वयंपाकघराबाहेर नेली, चुरण्याच्या दिवसांत सुमनला आमच्या घरी बसवायचं ठरवलं. आणि एक खेळ काढला. स्वतःच्या सारवलेल्या ओट्यावर गेरूनं रेघ मारली आणि अलीकडे पळसाचं एक वाळकं पान ठेवलं. संध्याकाळी सुमननं यायचं, पालथं पडून एका फुंकरीत पान रेघेपार न्यायचं. गेलं तर गुळाचा खडा. रेघेच्या आत राहिलं तर खडा मिळायचाच, पण त्या संध्याकाळी बाई स्वतः तिच्या घरी जाऊन झोपायच्या आधीची गोळी देऊन यायच्या आणि सकाळी पुन्हा डोकावायच्या. हळूहळू गल्लीतली सगळी पोरं पानं फुंकायला येऊ लागली. सुमन त्यांच्यावर दादागिरी करायची. "तुमाले दमा आहे का? मंग हटा."

पावणेदोन वर्षं हे असं चाललं. पोर अंगानं भरली. एक चुरणा तर तिनं आमच्या घरात बसून, माझं डोकं खात, विनातक्रार काढला. पार्वता एकदा मला म्हणाली, "मास्तरीनबाई, मले आता सुमीच्या लग्नाचे सपने पडतात." मी हसले होते.

मग खिरीचं निघालं.

वैनगंगेच्या काठी एका मठात कोजागिरीला दम्याचं औषध देत. अजूनही खूप ठिकाणी देतात. रात्रभर चांदण्यात ठेवलेल्या खिरीत जडीबुटीची पूड घालून ती पहाटे रांगेनं खायला द्यायची. पथ्य कडक. आठ-पंधरा दिवस आधीपासून दुसरं कुठलंही औषध घ्यायचं नाही, आणि नंतर कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गोळी नाही, इंजेक्शन नाही. मोडलं तर खीर उलटते आणि दमा दुप्पट होतो, अशी समजूत. डोमाजीच्या बहिणीनं ते डोक्यात भरवलं. म्हातारीनं उचलून धरलं. "पोट्टी का जलमभर गोळ्याच खाईन?" हा तिचा प्रश्न पार्वतालाही पटला. पटण्यासारखाच होता. गोळ्या बंद झाल्या.

मी वाट पाहत होते की वच्छलाबाई आता त्या घरावर चालून जातात. शेगडी फेकणारी बाई ती. पण त्या पार्वताकडे गेल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "नेऊ ना. मीबी येतो संग."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. कोजागिरीच्या दुपारी पाहते तर खरंच निघाल्या. सरकारी पांढरी साडी नाही, साधं लुगडं नेसलेल्या, अनवाणी, डोक्यावरून न्हालेल्या, कपाळाला बुक्का. सुमनचं बोट धरून गाडीत चढल्या. ज्या बाईनं पावणेदोन वर्षं गोळीसाठी जिवाचं रान केलं, ती स्वतः पोरीला घेऊन जडीबुटीच्या रांगेत बसायला चालली. मला इतका संताप आला की मी दारातून सरळ आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी सगळे परतले. पार्वता सांगत होती, "नर्सबाई रांगेत आमच्या मधात बसल्या होत्या. सुमीले आपल्या हातानं खीर चारली. पोट्टी म्हने कडू आहे, तं बाई म्हनल्या, औषधच आहे ते, गिळ."

त्यानंतर दोन-तीन दिवस मी वच्छलाबाईंशी धड बोलले नाही. त्यांना त्याचं काहीच नव्हतं. आणि नवल असं की सुमन ठणठणीत राहिली. पान रेघेच्या पार जात होतं. गावात खिरीचा डंका झाला. म्हातारी ज्याला त्याला थांबवून सांगायची, "सरकारी नर्सीनसुद्दा रांगेत बसली होती, इचारा तिले." आणि बाईंना कोणी विचारलं की त्या गालातल्या गालात हसायच्या. मीच चुकले असेन, असंही मला वाटून गेलं.

दिवाळी आली. भाऊबीजेला मी भंडाऱ्याला माहेरी गेले. त्याच सुमारास वच्छलाबाईंना कुटुंब नियोजनाच्या शिबिरावर दुसरीकडे जायचा हुकूम आला. हलक्या धानाची कापणी झाली होती, पुंजणे रचून झाले होते आणि गावात चुरण्याला तोंड लागलं होतं.

मी परतले त्याच्या दुसऱ्या सकाळी, चूल पेटवत होते, तेव्हा अंगणातून पार्वताची हाक आली. ती हाक मी विसरू शकत नाही. बाहेर आले तर ती बाईंच्या बंद दाराची कडी वाजवत होती. कुलूप समोर दिसत होतं तरी वाजवत होती. मागे डोमाजी, त्याच्या खांद्यावर सुमन. ओठ निळे, डोळे उघडे, बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती. शिट्टीसुद्धा वाजत नव्हती. मी विचारलं, केव्हापासून? पार्वता म्हणाली, दोन-तीन दिवस झाले, पण कार्तिकी पुनव चारच दिवसांवर होती, इंजेक्शन देल्लं असतं तं खीर पुरतीच उलटली असती.

यजमानांनी गाडी जुंपवली. मी चढले आणि बाई करायच्या तसं सुमनला पुढे झुकवून धरलं. तिला बोलता येत नव्हतं. तळ्याची पाळ चढेपर्यंत ती माझा हात घट्ट धरून होती. पाळ उतरताना तिनं तो सोडला. गाडी थांबवा असं म्हणायचं मला सुचलं नाही. पार्वता म्हणत होती, "झोपली का? झोपली वाटते." आम्ही बरंच पुढे गेलो होतो तेव्हा माझे यजमानच हाकणाऱ्याला म्हणाले, आता फिरव.

एखाद्याचं पोर जातं तेव्हा घर रडतं, हे मी पाहिलेलं होतं. पण त्या घरात कोणी रडत नव्हतं. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती आणि डोमाजी खळ्यावर जाऊन बैल सोडून आला. माझ्या डोक्यात काहीच शिरत नव्हतं. आठ दिवसांपूर्वी जी पोर मला भंडाऱ्याहून बत्तासे आणा म्हणून बजावत होती, ती नव्हती. बत्तासे माझ्या पिशवीत तसेच होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी वच्छलाबाई आल्या. धुळीनं माखलेल्या, दमलेल्या, पण खुशीत. माझ्या दाराशी पिशवी टेकवली आणि आतून रंगीत फुग्यांची पुडी काढली. "पान फुकून फुकून कंटाळली म्हने आमची बाई. आता फुगे फुगवाचे. कुठी आहे सुमी?"

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही.

त्या ओट्यावर खाली बसल्या. फुगे परत पिशवीत ठेवले. मग मला विचारलं, "तिच्याजवळ पुडी होती. खाल्ली नाही का तिनं?" मला काही कळेना. कसली पुडी? त्या उठल्या आणि समोर गेल्या. मी मागोमाग गेले.

पार्वता माजघरात बसली होती. बाईंना पाहताच ती सरपटत आली आणि तिनं त्यांचे पाय धरले. तेव्हा ती पहिल्यांदा रडली. "बाई, माह्या हातून पथ्य मोडलं. पोट्टी चोरून गोळ्या खाऊन राहिली होती. मले तिच्या दप्तरात पुडी सापडली. कुठून आनल्या इचारलं तं सांगे नाही. म्या लई मारलं तिले. न् गोळ्या चुलीत फेकल्या. पन तवापर्यंत खाल्ल्याच होत्या ना तिनं. खीर उलटली, बाई. तुमी एवढं अनवानी येऊन रांगेत बसल्या न् आमी पथ्य नाही पाळलं."

मी वच्छलाबाईंकडे पाहिलं. मला एकाएकी सगळं समजलं. आणि मला हेही समजलं की आता ही बाई गप्प बसली तर हे कोणालाही, कधीही कळणार नाही. उलट ती देवमाणूस ठरेल. जन्मभर सहज खोटं बोलत आलेल्या बाईला आता खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं पार्वताला उठवून छातीशी धरलं असतं तरी पुरलं असतं.

त्या खाली बसल्या. पार्वताचे हात पायांवरून काढून आपल्या हातात घेतले.

"खीर नाही उलटली, पार्वता. गोळ्या म्याच देल्ल्या होत्या."

पार्वतानं मान वर केली.

"तुमी बंद केल्या तवापासून. संध्याकाळच्या गुळात घालून देत होतो. रांगेतबी घातली. खीर कडू लागली ते त्यानं. शिबिराले गेलो तं पुडी तिच्याच हातात देल्ली. म्हन्लं, रोज एक खाय, मायले सांगू नको. तिनं नाही सांगितलं."

म्हातारी उठली आणि कोपऱ्यातला खराटा उचलून बाईंच्या पाठीत घालू लागली. बाईंनी हात वर केला नाही. डोमाजीनं आईला धरून बाहेर नेलं. पार्वताचं तिकडे लक्षच नव्हतं. तिचा चेहरा एखादं गणित सोडवणाऱ्या पोरासारखा झाला होता.

"म्हनजे सुमी बरी होती ते गोळीनं होती?"

"हो."

"न् म्या फेकल्या."

बाईंनी तिचे हात आणखी घट्ट धरले.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू देऊ देल्ली नसती."

"नसती देल्ली," पार्वता म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, विहिरीवर बोलावं तसा. "मंग भांडाचं होतं माह्यासंग. बुडीसंग भांडून शेगडी फेकली तुमी. माह्यासंग एक डाव भांडाचं होतं. मारलं असतं मले दोन थापडा. मी माय होतो तिची. मले समजलं असतं का नाही, ते त पाहाचं होतं."

मी घरी आले आणि पहिल्यांदा मला वच्छलाबाईंची भीती वाटली. त्यांनी वाईट केलं म्हणून नव्हे, तर किती चांगल्या मनानं केलं होतं म्हणून. निखाऱ्यांवर ओवा टाकणारी ती म्हातारी आणि या, दोघींत मला फरक करता येईना. आजही येत नाही. रागही आहे आणि मायाही.

त्यांनी स्वतःच दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणे उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. पुढे बदली झाली. ती मागून घेतली की दिली गेली, मला ठाऊक नाही. जायच्या आदल्या दिवसापर्यंत त्या गावात हिंडत होत्या, पण बोलणं बदललं होतं. एकदा भिंतीपलीकडून कोणी सुनेच्या गोळ्यांचं विचारत होतं आणि बाई सांगत होत्या, "पोट्टा होईन का पोट्टी, ते मले मालूम नाही. रक्त कमी आहे तिचं, त्यासाठी आहे हे." ती बाई गोळ्या तिथेच ठेवून निघून गेली. पुष्कळ जणी तशाच जाऊ लागल्या. पार्वता मात्र त्यांच्याकडे कधी आली नाही, आणि त्यांच्याविरुद्ध कोणापाशी एक शब्दही बोलली नाही. निघताना वच्छलाबाई तिच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. ती आतून बाहेर आली नाही.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं. बरीच वर्षं गेली होती. आम्ही भंडाऱ्यात घर केलं होतं. तुमसरकडे एका लग्नाला निघाले होते आणि वाटेतल्या एका गावी आमची एसटी पंक्चर झाली. पावसाळा सरून गेला होता, शेतात धान उभं होतं. मी खिडकीतून बघत होते. समोर उपकेंद्राची पाटी, ओट्यावर वच्छलाबाई. केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला. पुढ्यात एक तरुण बाई उभी, कडेवर तीन-चार वर्षांचा मुलगा. त्याची मान श्वासागणिक खालीवर होत होती. मला उतरून हाक मारायची होती. उठलेही होते. पण त्यांचं बोलणं कानावर आलं आणि मी बसच्या दारातच थांबले.

त्यांच्या तळहातावर गोळी होती. ती काय आहे, कशासाठी, कधी द्यायची, बंद केली तर काय होतं, हे सगळं त्या एकेक करून सांगत होत्या, आणि प्रत्येक वेळी त्या बाईकडून वदवून घेत होत्या. ती दोनदा म्हणाली आणि मग कंटाळली. "आमाले कोजागिरीची खीर घ्याची आहे, बाई. त्याच्या आंधी काही चालत नाही." आणि मुलाला सावरून चालू लागली.

वच्छलाबाई उठल्या. गुडघे धरून उठल्या. पूर्वीच्या असत्या तर त्यांनी त्या पोराला गुळाचा खडा दिला असता आणि काम झालं असतं. ते मला माहीत होतं आणि त्यांना तर होतंच. मुलगा आईच्या खांद्यावरून मागे, त्यांच्याकडेच बघत होता. त्यांनी मूठ मिटली आणि त्या बाईच्या मागे रस्त्यावर उतरल्या.

"खीर खाय वो, नको नाही म्हनत. पन गोळी बंद करू नको. आयकून त घे. माह्या हातून एक पोट्टी मेली आहे. सुमन नाव होतं तिचं. तिच्या मायले म्या सांगितलं नव्हतं."

रस्त्यावरची माणसं वळून पाहू लागली. टपरीवरचे दोघे हसले. ती बाई पाय उचलून चालत होती आणि वच्छलाबाई मागून, धापा टाकत, सगळ्यांना ऐकू जाईल असं तेच पुन्हा सांगत होत्या. आमचं चाक बसलं, कंडक्टरनं घंटी दिली. बस सुटली तेव्हा ती बाई थांबली नव्हती, आणि वच्छलाबाईही थांबल्या नव्हत्या.